दुपारी खंबाटकी घाट चढताना डिझेल गाडी दमते, सकाळी नाही. टर्बो गेला का?

टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बहुतेक ठणठणीत आहे. गरम हवेमुळे गाडीचा ईसीयूच (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, आणि डिझेल थोडं आवरतं घेतो. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४० अंशांची हवा साधारण ८ टक्के विरळ असते. त्यात टर्बोने दाबली की ती सहज १०० अंशांच्या पुढे जाते. ती गार करायचं काम इंटरकूलरचं, पण पुण्याकडून येताना ट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढताना त्याला वारा लागणार कुठून? सेन्सरने तापमान कळवलं की ईसीयू इंजिन जपतो. साताऱ्यात रोज डिझेल गाड्याच उघडतो, एप्रिल-मेमध्ये ही तक्रार ठरलेली. आधी इंटरकूलरच्या जाळीत अडकलेली माती, किडे पाण्याच्या हलक्या धारेने धुवा; प्रेशर वॉशर जवळून मारू नका, जाळीची नाजूक पाती वाकतात.

मात्र सकाळच्या गारव्यातही ओढ नसेल, काळा धूर किंवा फुस्स आवाज येत असेल, तर दोष उन्हाचा नाही. इंटरकूलरच्या होजवर (हवेच्या रबरी नळीवर) क्लिपपाशी तेलकट ओल दिसते का बघा. तिथूनच हवा गळते. होज बदलायच्या कामासाठी कुणी अख्खा टर्बो गळ्यात मारत असेल, तर दुसरं गॅरेज गाठा.