वेन टेलर रेसिंगपासून सुरुवात कर

एन्ड्युरन्स रेसिंग, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यती, बघायला लागलायस ना, मग सगळ्या गाड्यांच्या मागे धावू नकोस, एकच टीम धर. माझं मत विचारशील तर वेन टेलर रेसिंग. अमेरिकेतल्या डेटोनाची २४ तासांची रेस या लोकांनी २००५, २०१७, २०१९, २०२० आणि २०२१ ला जिंकलीय, त्यातली २०१७ ची आधी बघ, शेवटची काही मिनिटं उरलेली असताना त्यांच्या रिकी टेलरनी पहिल्या वळणावर आत गाडी घातली, धक्का लागला, पुढची गाडी फिरली, आणि त्यावर आजही लोक भांडतात. माझ्या मते गाडी घालायला गॅप होता.

गाड्या पण नीट समजून घे. २०१७ ची कॅडिलॅक डीपीआय (खास रेसिंगसाठी बनवलेल्या गाड्यांचा एक वर्ग), मोठं व्ही८ इंजिन, आवाज ऐकायला हेडफोन लावच, मग २०२१ ला अक्युरा, आणि २०२५ पासून परत कॅडिलॅक, आता हायब्रिड.

आणि हो, पूर्ण २४ तास जागायचा हट्ट नको, सुरुवात, थोडी रात्र आणि शेवटचे दोन तास बघ. पिवळा झेंडा आला, म्हणजे ट्रॅकवर धोका म्हणून सगळ्यांना हळू चालवायला लावलं, की मात्र उठू नकोस, कमावलेली आघाडी तिथेच संपते, सगळे परत एकत्र येतात आणि इंधन-टायरसाठी पिटमध्ये कोण कधी जातं त्यावर रेस फिरते.