तळं साफ केलं आणि मासेच मेले

प्रश्न : जुळे सोलापुरात आमच्या वसाहतीच्या बागेत दोन तळी आहेत. थोरलं वीसेक गुंठ्यांचं, धाकटं त्याच्या निम्मं. रविवारी तिथं गळ टाकून बसलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. मधली दहा-बारा वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही आणि जलपर्णी माजली. यंदा आम्ही तीस जणांनी श्रमदान सुरू केलं. ऑगस्टमधल्या एका रविवारी थोरलं तळं दिवसभरात मोकळं केलं. बुधवारी पहाटे उरलेसुरले मासे पोट वर करून तरंगत होते. कुणीतरी विष घातलं अशी चर्चा आहे. उन्हाळ्यात जेसीबी लावून दोन्ही तळी चांगली खोल करावीत आणि मांगूर सोडावेत, असा विचार चालला आहे. मांगूर काही केल्या मरत नाही म्हणे. तुमचं मत काय?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : विषबिष कुणी घातलेलं नाही. मासे तुमच्या श्रमदानानं मेले. रागावू नका, तळ्याच्या भल्यासाठी तळंच बिघडवण्याची अशी चूक मी पगार घेऊन केलेली आहे, ते पुढं सांगते.

आधी त्या बुधवारचं बघू. दहा-बारा वर्षं पानं, निर्माल्य, मेलेली जलपर्णी तळाशी कुजत पडली होती. तीस माणसं त्यात कमरेपर्यंत उतरली, म्हणजे साठ पाय दिवसभर तो गाळ घुसळत होते. सडक्या अंड्यासारखा वास आला असेल. आला होता ना? तो गाळातला वायू माशांना मारक असतो, आणि ढवळलेला गाळ पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. त्यात ऑगस्टचं आभाळ. ऊन नसलं की पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू तयार करत नाही, रात्री मात्र सगळ्यांच्या बरोबरीनं वापरतं. म्हणून मासे मरतात ते पहाटे. आदल्या दिवशी सकाळी सहाला कुणी काठावर गेलं असतं तर मासे पाण्यावर तोंड काढून आ-आ करताना दिसले असते. तेव्हा पंप लावून त्याच तळ्याचं पाणी उंचावरून फवारत परत तळ्यात सोडायचं असतं. पाण्यात उतरायचं नाही आणि खायलाही काही टाकायचं नाही. बरेचसे वाचतात.

धाकट्या तळ्याला म्हणूनच एका दमात हात घालू नका. जलपर्णी तिसऱ्या हिश्श्यानं काढा, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. काठावरून दाताळ्यानं, दोरानं ओढा. माणसं कमीत कमी उतरवा. काढलेला ढीग काठावर ठेवू नका. तुम्ही ठेवला असणार, सगळेच ठेवतात. त्याचं काळं पाणी निथळून पुन्हा तळ्यातच जातं. लांब नेऊन खड्ड्यात कुजवा, बागेला खत होईल. जांभळी फुलं यायच्या आत काढा, कारण बी गाळात पडलं की पंधरा-वीस वर्षंसुद्धा जिवंत राहतं. आणि एवढी जलपर्णी माजते म्हणजे तिला कुठून तरी खाणं मिळतंय. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन तळ्याभोवती एक चक्कर मारा. कुठल्या चेंबरचं पाणी कुठून आत येतंय ते डोळ्यांनी बघा, फोटो काढा आणि पालिकेत अर्ज द्या. ते तोंड बंद झाल्याशिवाय बाकीचं सगळं दर वर्षी पहिल्यापासून.

आता जेसीबी. माझे वडील उजनीच्या फुगवट्यावर जाळं टाकायचे. पुढं मी मत्स्यबीज केंद्रात एकोणतीस वर्षं काढली. नोकरीच्या सुरुवातीला मोहोळकडच्या एका गावतळ्याचं काम माझ्या देखरेखीखाली होतं. गाळ निघत होता, शेतकरी ट्रॉल्या भरून नेत होते, सगळे खुशीत. ऑपरेटर म्हणाला, बाई, अजून दोन फूट जातो, पाणी जास्त मावंल. मी म्हटलं, जा. त्या दोन फुटांत तळाचा काळ्या चिकणमातीचा थर गेला आणि खाली पिवळा मुरूम उघडा पडला. सप्टेंबरच्या पावसानं तळं काठोकाठ भरलं, गावानं नारळ फोडला. दिवाळीला पाणी गुडघ्याएवढं होतं. संक्रांतीला तळाला भेगा पडल्या होत्या. सगळं मुरमातून खाली गेलं. नारळ फोडणाऱ्या म्हातारबुवांनी मला एका शब्दानं विचारलं नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हा वरचा काळा, भुसभुशीत, वास मारणारा गाळ तेवढा काढायचा. खाली घट्ट माती लागली की थांबायचं. खात्री कशी करायची? ओंजळभर माती घ्या, पाण्याचा हात लावून भाकरीच्या पिठासारखी मळा, क्रिकेटच्या चेंडूएवढा गोळा करा आणि डोक्याच्या वर उडवून झेला. गोळा अखंड राहिला तर ती माती पाणी धरणारी, तिला हात लावायचा नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात रोज जवळजवळ सेंटीमीटरभर पाणी नुसतं वाफ होऊन उडतं, म्हणजे एप्रिल-मे मिळून दोन फूट. त्यामुळं एका कोपऱ्यात आठ-नऊ फुटांचा डोह हवा, पण जिथं माती खोलवर चिकण आहे तिथंच. सिद्धेश्वर तळं सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमदानातून खोदून घेतलं असं आपण ऐकत आलो. त्यांनाही ते एका रविवारी जमलं नसणार.

मांगूर अजिबात नको. परदेशी मांगुरावर २००० सालापासून देशात बंदी आहे. तो मरत नाही हे खरं, पण बाकीचं काही जगू देत नाही. चिलापीही मुद्दाम सोडू नका. ती न बोलावता येतेच, आणि पिल्लांची इतकी गर्दी करते की सगळे मासे तळहाताएवढेच राहतात. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, याच क्रमानं ३:४:३ या प्रमाणात घ्या. शेततळ्याचा हेक्टरी पाच हजार बोटुकलींचा हिशेब तुम्हाला लागू नाही, तुम्ही खाद्य घालणार नाही. थोरल्या तळ्याला चारशे खूप झाली. पिशवी आल्या आल्या फोडू नका. वीस मिनिटं तळ्यात तरंगत ठेवा, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घ्या, मग तोंड उघडा. मासे आपले आपण बाहेर जातात, ते बघायला वसाहतीतली पोरं बोलवा.

गळ दुसऱ्या पावसाळ्यानंतर, तोही थोरल्या तळ्यातच. धाकटं तसंच राहू द्या. तुटलेला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, काठावर टाकायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून लावा. खंड्याच्या पायात अडकलेला मी सोडवलेला आहे, पाय राहिला नव्हता. फिरायला येणाऱ्यांना चुरमुरे आणि पाव टाकू देऊ नका. यावरून भांडणं होतील, पुण्य मिळवण्याचा प्रश्न असतो.

आणि ते रविवारी गळ टाकून बसणारे, त्यांच्यापैकी कुणी असतील तर त्यांना शोधा. तीस तरुणांपेक्षा रोज सकाळी काठावर येणारी दोन म्हातारी माणसं तळ्याच्या जास्त कामाची. त्यांनी एवढंच करायचं : हात कोपरापर्यंत पाण्यात सरळ घालायचा आणि तळवा दिसतो का बघायचं. कोपर बुडेपर्यंत दिसला तर ठीक. मनगटाशीच दिसेनासा झाला तर शेवाळ फार झालं, आभाळ आलं की पंप तयार ठेवायचा. वहीत तारीख घालून लिहायचं.

मेमध्ये मातीचा गोळा करून बघा. फुटला की राहिला, ते जेसीबी बोलवायच्या आधी मला कळवा.