नुकसान तुमचं, निर्णय मुलीचा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीला बारावीनंतर मालमत्तेचं मूल्यांकन, म्हणजे घरं-इमारतींची किंमत काढणं, शिकायचं आहे आणि तुम्ही म्हणता, 'कोरोनाने हे क्षेत्र संपवलं, तिला कॉम्प्युटरकडे वळवा.' दीड पानाच्या पत्रात 2019 साली कर्ज काढून घेतलेल्या ऑफिसची हकीगत सव्वा पान आहे: भाडेकरू कधी गेला, हप्ते कसे भरले, सगळं तारीखवार. मुलगी मात्र तीन ओळींत आटोपली. तिला हा विषय का आवडतो, ते एकदाही आलेलं नाही. मला काळजी वाटते ती याची.

'घरात आता तो विषय बंद' असंही तुम्ही लिहिलंय. कृपा करून तो उघडा. 17 वर्षांच्या मुलीशी बोलणं असं तोडलं, की पुढचे निर्णय ती तुम्हाला न विचारता घेते, आणि एखादा चुकला तरी तुमच्यापर्यंत येत नाही.

आता गैरसमजाकडे. बाजार पडला म्हणजे त्यातलं काम संपलं, असं होत नाही. साथीत घरं आणि ऑफिसं उलट दिशांना गेली. व्याजदर उतरले, घरातच काम करायला एक जादा खोली हवीशी झाली, म्हणून बऱ्याच देशांत घरांच्या किमती चढल्या. ऑनलाइन खरेदीमुळे गोदामांना मागणी आली. ऑफिसांचा फटका मात्र उशिरा दिसला, कारण करार पाच-दहा वर्षांचे असतात आणि रिकामी खुर्ची करार संपेपर्यंत भाडं देत राहते. पुढे 2022 मध्ये व्याजदर वाढले, तसे खरेदीदारही जास्त परतावा मागू लागले. वर्षाला 100 निव्वळ उत्पन्न देणारी इमारत 5 टक्के परताव्याच्या हिशेबाने 2000 ची, कारण 2000 चे 5 टक्के म्हणजे 100. उत्पन्न 80 झालं आणि खरेदीदार 6.5 टक्के मागू लागला, तर तीच इमारत साधारण 1230 ची. त्यावर 1200 चं कर्ज असेल तर मालकाचे स्वतःचे 800 जवळजवळ पुसले गेले. उत्पन्न 20 टक्क्यांनी घटलं, किंमत 38 टक्क्यांनी! हे आधी ओळखणारा मूल्यांकक बँकेला पडत्या काळात जास्त लागतो. मार्च 2020 मध्ये सौदेच थांबले, तेव्हा आरआयसीएस या मूल्यांककांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अहवालात 'या किमतीबाबत मोठी अनिश्चितता आहे' असं स्पष्ट नोंदवायला सांगितलं होतं.

रिकाम्या ऑफिसांची घरं करा, असं म्हणणं सोपं आहे. मजला रुंद असेल तर मधल्या भागात उजेड पोचत नाही, आणि पाण्याचे नळ, सांडपाण्याचे पाइप सगळे मध्यावर एकाच ठिकाणी असतात. प्रत्येक घराला स्वयंपाकघर-न्हाणीघर द्यायचं तर किती खर्च येईल, हे कुणीतरी मोजावं लागतं.

स्थापत्य अभियांत्रिकी, नगररचना अशा पदवीतून इकडे येता येतं. प्रवेश परीक्षांची माहिती सहज मिळेल. मुलीलाही एक सांगा: केवळ खरेदी-विक्रीच्या दलालीचं आकर्षण असेल, तर मंदीत कित्येक महिने काहीच हाती पडत नाही. मूल्यांकनाचं काम शांत, आकडेमोडीचं आणि कागद वाचण्याचं आहे.

तिला ते झेपेल का, हे घरीच कळेल. त्या ऑफिसची फाइल तिच्या हातात द्या: भाडेकरार, कर्जाचं वेळापत्रक, देखभालीची बिलं, रिकामे महिने. 2019 ची आणि आजची किंमत तिला काढू द्या. लॉक-इनचं कलम, म्हणजे ठरावीक मुदतीआधी जागा सोडता येणार नाही ही अट, तिने स्वतः शोधलं, तर कॉलेज निवडायला दोघं मिळून बसा.