गावातला रक्तपिपासू (व्हॅम्पायर) लिहिताना

सुळे आणि काळा झगा नंतर बघ. मरण्याआधी तो कोण होता ते आधी ठरव: सोसायटीचं कर्ज किती, बहिणीला काय कबूल केलं होतं, ठेचा किती तिखट लागायचा. मग त्यातलं एकेक हळूहळू जाऊ दे. सगळं एकाच रात्री गेलं तर नुसता राक्षस उरतो, त्याच्यासाठी कोणी हळहळत नाही.

नियम दोन-तीनच ठेव. उन्हाने मरणं १९२२च्या ‘नोस्फेराटू’ चित्रपटातून रुळलं. १८९७च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही फिरतो. तेव्हा ऊन घ्यायचं की नाही, तुझी मर्जी. लसणाला तो घाबरतो हा नियम मात्र जपून, वऱ्हाडात फोडणीफोडणीत लसूण असतो, गडी गावात टिकणार कसा? रात्री फिरायला निमित्त आयतं आहे: रात्रीची लाइन आली की हरभऱ्याला पाणी द्यायला निघायचं.

बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, हा नियम सगळ्यात कामाचा. पण मे महिन्यात माणसं अंगणात बाजेवर झोपतात, तिथे उंबरा कुठला? आता त्याला थांबवलं तर त्याचं त्यानेच. या प्रसंगाला दोन पानं दे, घाई करू नको. आणि आईने ‘काहून उभा हायेस, ये न घरात’ म्हटल्यावर त्याच्या तोंडी लांब भाषण घालू नको. त्याने काय केलं तेवढंच लिही.