थरथरता कागद आणि विद्यापीठातलं कवितावाचन

‘कविता लिहिते, पण चारचौघांत वाचायला उभी राहिले की हात थरथरतात, आवाज कापतो.’ वाचनाच्या तयारीसाठी आमच्याकडे येणाऱ्यांची ही तक्रार नेहमीची. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या आणि मराठीत लिहिणाऱ्या एका शिक्षिकेची घ्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). केगावला सोलापूर विद्यापीठात वाचनाचं बोलावणं आलं होतं. वेळ १० मिनिटं. बाईंनी ७ कविता निवडल्या, त्याही तोंडपाठ!

पाठांतरात एक शब्द निसटला की पुढची ओळ सापडत नाही. आणि ७ कविता बसवायच्या म्हणजे पळापळ. त्यात श्वास अपुरा पडतो नि आवाज कापतो. आम्ही ४ ठेवल्या, पहिली ८ ओळींची.

सुटं पान बोटांची बारीकशी थरथरही मोठी करून दाखवतं. म्हणून मुलं परीक्षेला नेतात तो क्लिपचा पॅड. अक्षर १८ पॉइंटचं, एका पानावर एकच कविता, श्वासाच्या जागी पेन्सिलीची तिरकी रेघ. थरथर ॲड्रेनलिनची असते. ती लपवायला पॅड आवळून धरला की वाढते.

सराव आधी बंद खोलीत, मग नवऱ्यासमोर, मग स्टाफरूममध्ये, शेवटी वर्गात. भीती ओसरेपर्यंत त्याच पायरीवर थांबायचं. मध्येच सटकलं, तर ‘सटकलो म्हणून निभावलं’ एवढंच मन शिकतं.

बाईंचा खरा सल वेगळाच निघाला: ‘माझा तेलुगू हेल ऐकून हसतील.’ हेल घालवायच्या भानगडीत पडूच नये. बाईंचं वाचन नीट ऐकू येत नव्हतं ते हेलामुळे नाही, ओळीच्या शेवटी शब्द गिळल्यामुळे. तेवढंच सुधारलं. विड्या वळणाऱ्या आजीवरच्या कवितेत तर आजीचं बोलणं त्या हेलातच शोभत होतं.

त्या दिवशी माइक तोंडापासून वीतभर. ‘घसा बसलाय, सांभाळून घ्या’ म्हणायचं नाही, हे ठरलेलं. दुसऱ्याच ओळीला आवाज कापला. बाई रेघेशी थांबल्या, श्वास सावकाश सोडला, तीच ओळ पुन्हा घेतली. तिसऱ्या कवितेत आजी बोलायला लागली तेव्हा पॅड पोडियमवर होता आणि बाईंचे हात आजीच्या मांडीवरचं विड्यांचं सूप दाखवत होते.