लिहिलंय ते वाजव

अगं, तुझा मेसेज रात्री वाचला आणि मग झोपच लागेना. जर्मन संगीतकार हिंडेमिथची सोलो व्हायोला सोनाटा, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या, खर्जातल्या भावंडाने एकट्याने वाजवायची रचना, ओपस 25 नंबर 1, चौथी मुव्हमेंट, म्हणजे चौथा भाग. एक सर म्हणतात आधी स्वच्छ वाजव, दुसरे म्हणतात बेभान हो, आणि तू मला विचारतेस, काका, ती कानाला गोड कशी लागेल? गोड लागायलाच नकोय ती! वर जर्मनमध्ये काय छापलंय ते नीट वाचलंस का? पिसाट वेग, रानटी, स्वराचं सौंदर्य दुय्यम. लयीचे ठोके देणाऱ्या मेट्रोनोमचा आकडा मिनिटाला 600 ते 640, आपला चावीचा मेट्रोनोम 208 ला संपतो. आणि हा माणूस स्वतः व्हायोला वाजवायचा, अमर क्वार्टेट या चौघांच्या वाद्यवृंदात, मोकळी सी तार, सगळ्यात खालची, अशी सारखी ठोकली की ती कशी खरखरते हे त्याला पक्कं माहीत होतं, त्याला तेच हवं होतं. लिहिलंय ते वाजव.

मी नाही वाजवलं. तुझ्याएवढा होतो, परीक्षेला हीच सोनाटा होती, आणि समोरच्यांना बरं वाटावं म्हणून चौथी मी गज हलका ठेवून, लय ओढून धरून, अगदी गुळगुळीत करून वाजवली. कौतुकही झालं. पण मग पाचवी आली, संथ, तिच्यावर लिहिलंय खूप भावपूर्ण, आणि माझ्याकडे द्यायला काही उरलंच नव्हतं गं, सगळा गोडवा आधीच वाटून झाला होता. हॉलमध्ये कोणी हललं नाही. व्हायोला उसना होता, गजाचे केस तुटले तर बदलायला गज मुंबईला पाठवावा लागायचा, महिना जायचा, म्हणून जपून वाजवलं, हे काही खोटं नाही. आजही तेच म्हणेन. पण पान मी वाचलं होतं आणि तरी माझंच खरं केलं, ते सलतं.

दुय्यम म्हणजे बेसूर नव्हे हं, उगाच सूट घेऊ नकोस. डाव्या हाताचे जोडस्वर हळू लयीत रोज घासून पक्के कर, त्यात माफी नाही. पण गज? गज तारेत रुतू दे.

आणि वाजवायला तीन महिने थांबते म्हणतेस, कशासाठी? 1922 ची गोष्ट, पहिली आणि पाचवी मुव्हमेंट हिंडेमिथने कोलोन-फ्रँकफर्ट गाडीच्या डायनिंग कारमध्ये लिहिली आणि तसाच स्टेजवर जाऊन सोनाटा वाजवली, हे त्यानेच सांगितलंय. एवढ्या घाईतही कुठे सौंदर्य हवं आणि कुठे नको हे त्याने शब्दांत लिहून ठेवलं. तू मात्र फोनवर दहा जणांची रेकॉर्डिंग्ज ऐकत बसतेस. बंद कर ते. पान समोर ठेव, लिहिलंय ते वाजव, केस तुटला तर उपटून टाक आणि पुढे जा, नवे केस मी बसवून देईन.

रेकॉर्डिंग पाठवशील तेव्हा चौथी आणि पाचवी सलग पाठव, मध्ये न थांबता. नुसती चौथी मी ऐकणार नाही.