पहिली क्रूझर घेताना : पुढच्या ब्रेकला घाबरू नका

पाऊस सरला की गॅरेजमध्ये आणि आमच्या शिकवणीला येणारे तेच ते प्रश्न विचारतात. क्रूझर, म्हणजे खाली सीट असलेली, पाय पुढे ठेवून चालवायची लांब मोटरसायकल, घ्यायची तर कुठली, वजन किती, पाय टेकतील का. यंदा पत्रेही बरीच आली. निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी उंची पाच फूट एक इंच. आजवर फक्त स्कूटर चालवली आहे. क्रूझरची सीट खाली असते, म्हणजे कुठलीही घेतली तरी चालेल ना? (शिक्षिका, गुहागर)

नाही. सीटची उंची ही अर्धीच माहिती आहे. रॉयल एनफिल्डच्या सुपर मिटिऑर 650 ची सीट 740 मिलिमीटरवर आहे, त्याच कंपनीच्या क्लासिक 350 पेक्षा कितीतरी खाली. पण तिचे वजन 241 किलो आहे. बजाजच्या अ‍ॅव्हेंजर क्रूझ 220 ची सीट जवळपास तेवढ्याच उंचीवर, 737 ला, आणि वजन 163 किलो. एनफिल्डचीच मिटिऑर 350 वजनात या दोघींच्या मधली, 191 किलो, पण सीट थोडी वर, 765 ला. नवखा माणूस गाडी पाडतो ती बहुतेक वेळा वेगात नाही, तर अंगणात वळवताना, पेट्रोलपंपावर, उतारावर एक पाय टेकताना. आपल्याकडे घर रस्त्याच्या खाली आणि अंगण उताराचे. तिथून 191 किलो मागे ढकलत चढावर आणून बघा. शोरूमच्या फरशीवर बसून पाय टेकले म्हणजे झाले असे समजू नका. इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावले मागे ढकला, स्टँडवर लावा, काढा. एवढे एकटीने जमले तरच ती गाडी तुमची. तुमच्यासाठी मी अ‍ॅव्हेंजरपासून सुरुवात करीन, पण निर्णय ट्रायल घेतल्यावर आणि एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाला सोबत नेऊनच करा.

प्रश्न : शोरूमवाले म्हणतात, पाडव्याची ऑफर आहे, आधी बुकिंग करा, ट्रायल नंतर. विमा आणि क्रॅशगार्डही त्यांच्याकडूनच घ्यावा लागेल का? (वाचक, देवगड)

विमा कुठूनही घेता येतो, अ‍ॅक्सेसरीज नको म्हणता येतात. ट्रायल दिल्याशिवाय पैसे मागणाऱ्याकडून गाडी घेऊ नका, ऑफर कितीही गोड असो. दरपत्रक प्रत्येक रक्कम वेगळी दाखवून लेखी मागा आणि ज्या रकमेचा अर्थ लागत नाही ती आरटीओत विचारून घ्या.

प्रश्न : लर्निंग लायसन्स आहे. मित्राला मागे घेऊन गोव्याला जाऊ का? (विद्यार्थी, सावंतवाडी)

नाही. लर्निंगवर मागे फक्त शिकवणारा बसू शकतो, तोही लायसन्सधारक. तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा द्या, मग बोलू.

प्रश्न : गावात सगळे सांगतात, ‘पुढचो ब्रेक मारू नको, पडशीत.’ पावसात तर अजिबातच नको म्हणतात. मी फक्त पायाचा ब्रेक वापरतो. बरोबर आहे ना? (वाचक, कणकवली)

साफ चूक. आणि ही चूक वडिलांकडून मुलाकडे, मेकॅनिककडून गिऱ्हाइकाकडे जात राहते म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ब्रेक लागला की गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते. पुढचा टायर रस्त्याला दाबला जातो, त्याची पकड वाढते. मागचे चाक हलके होते. तुम्ही नेमके त्या हलक्या चाकाचा ब्रेक जोरात दाबता. ते लॉक होते, म्हणजे फिरायचे थांबून घसरते, मागची बाजू आडवी जाते, आणि लोक म्हणतात, ‘गाडी स्लिप झाली.’ क्रूझर लांब आणि मागे वजन असलेली, म्हणून तिचा मागचा ब्रेक इतर गाड्यांपेक्षा थोडा जास्त कामाचा, हे खरे. तरी थांबवण्याचे मुख्य काम पुढचाच करतो.

माणसे पुढच्या ब्रेकमुळे पडतात ती तो झटक्यात, हँडल वळलेले असताना किंवा वाळूवर ओढल्यामुळे. सोलकढीसाठी नारळाचा चव पिळताना जसा जोर हळूहळू वाढवता, तसा लिव्हर दाबायचा. हँडल सरळ, गाडी सरळ. वळणात शिरण्याआधीच वेग कमी करायचा. चिऱ्याच्या ट्रकमधून सांडलेली लाल माती पावसात भिजली की तिच्यावर, आणि फेरीबोटीच्या शेवाळलेल्या उतारावर, दोन्ही ब्रेक अगदी हलके.

‘एबीएस आहे, आता काळजी नाही’ असेही ऐकतो. एबीएस म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. पण अ‍ॅव्हेंजरसारख्या गाडीत ते सिंगल चॅनलचे, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. मागचे चाक अजूनही लॉक होते. सुट्या खडीवर एबीएस असूनही गाडी थांबायला जास्त अंतर घेते. आणि ते चालू झाल्यावर लिव्हर थरथरतो, तेव्हा घाबरून हात सोडायचा नाही, दाबून ठेवायचा.

आंबोली घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणारेही हेच लोक. मग इंजिनचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ लागतात. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच्या आसपासच्याच गिअरमध्ये उतरा.

मोकळ्या कोरड्या डांबरी जागेवर, वीसच्या वेगात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली सराव करा. लेख वाचून थेट घाटात प्रयोग नको.

प्रश्न : खाऱ्या हवेत क्रोम गंजते. वॉशिंगनंतर डिझेल मारून घेतो. चालेल? (वाचक, मालवण)

बंद करा. डिझेलने रबरी बुश आणि सील फुगतात, आणि फवारा डिस्कवर गेला तर ब्रेक लागतच नाही. एकदा तेलाने भिजलेले ब्रेकपॅड सहसा बदलावेच लागतात. गोड्या पाण्याने धुवा, कोरडे पुसा, क्रोमला पॉलिश लावा, चेनला चेनचेच ल्युब मारा. सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गाडी नेण्याची हौस असेल तर ती सोडा. सायलेन्सरची खालची बाजू आधी कुजते आणि ती वरून दिसत नाही.

प्रश्न : चिपळूणहून 2020 ची क्रूझर स्वस्तात मिळते आहे. (वाचक, रत्नागिरी)

जुलै 2021 च्या पुरात तिथल्या बऱ्याच गाड्या पाण्यात होत्या, सगळ्या नव्हत्या. वरची चकाकी पाहू नका. सीट काढून वायरिंगचे कनेक्टर बघा : हिरवट पूड किंवा वाळलेला गाळ दिसला तर परत फिरा. सर्व्हिसची नोंद आणि विम्याचा दावा तपासा. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक नको, तुमचा न्या.

प्रश्न : वय 52, कंबरेत चमक येते. पाय पुढे ठेवून बसणे आरामाचे असते ना? (वाचक, दापोली)

प्रत्येकाला नाही. पाय पुढे असले की खड्ड्याचा दणका थेट कंबरेत जातो, पायांवर उठून तो झेलता येत नाही. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, गाडी नंतर.

प्रश्न : पुढच्या ब्रेकचा लिव्हर मुठीपर्यंत येतो. महिनाभर तसाच चालवतोय. दिवाळीच्या सर्व्हिसिंगला दाखवू का? (वाचक, राजापूर)

आज दाखवा. पॅड संपले असतील, कुठून गळती असेल, हवा शिरली असेल किंवा ब्रेक ऑइलने ओलावा धरला असेल. आपल्या दमट हवेत ते दोन वर्षांच्या आत बदललेले बरे. आणि गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. टेम्पोत घाला, नाहीतर मेकॅनिकला घरी बोलवा.